मांडवाला दार नसतं: ‘रेड वेडिंग’च्या भागाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत आमचं मंडप-बिछायतीचं काम आहे, वडिलांपासूनचं. जूनमध्ये लग्नतिथी संपल्या की कनाती, गाद्या, पातेली सगळं गोदामात येऊन पडतं आणि आम्हाला पंधरा-वीस दिवस उसंत मिळते. त्या दिवसांत गोदामात छताचं पांढरं कापड ताणून, प्रोजेक्टर लावून आम्ही ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही इंग्रजी मालिका पहिल्यापासून बघतो. रात्री दोन भाग. गल्लीतले, नात्यातले, कामावरचे, दरवर्षी पाच-सहा जण नवे असतात. पंधराव्या रात्री एकोणतिसावा भाग येतो आणि दुसऱ्या दिवशी माझा फोन थांबत नाही. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

तुम्ही तिथपर्यंत पोहोचला नसाल तर इथंच थांबा. आधी बघा, मग वाचा. मनापासून सांगतोय.

हा नेमका कोणता भाग?

तिसऱ्या पर्वाचा नववा. नाव ‘द रेन्स ऑफ कॅस्टमिअर’. अमेरिकेत एचबीओ वाहिनीवर २ जून २०१३ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. लेखन डेव्हिड बेनिऑफ आणि डी. बी. वाइस यांचं, दिग्दर्शन डेव्हिड नटर यांचं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या २००० साली आलेल्या ‘अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्स’ या कादंबरीतल्या लग्नाचा हा प्रसंग. लोक त्याला ‘रेड वेडिंग’ म्हणतात, आमच्याकडं ‘रक्ताचं लग्न’. पहिल्या प्रसारणाला अमेरिकेत सुमारे ५२ लाख प्रेक्षक होते. पुढच्या वर्षी या भागाला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

मालिकेत माणसं पहिल्या भागापासून मरतात. मग याच भागाला लोक एवढे का हादरतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि उत्तर देताना दरवर्षी माझ्याच अंगावर काटा येतो.

पहिल्या पर्वात रॉबच्या बापाचं, नेड स्टार्कचं मुंडकं उडवलं तेव्हाही गोदामात सन्नाटा पसरतो. पण तो चव्हाट्यावर दिलेला मृत्यू होता. बापाला डोळ्यांदेखत मारलं, आता पोरगा सूड घेणार, अशी आपली समजूत होते. लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींनी ती सवय लावलेली असते. रॉब एकेक लढाई जिंकत जातो तसतसे आपण त्याच्या बाजूनं हिशेब मांडत जातो. आणि मग तो रणांगणात मरत नाही. ताटावर बसलेला असताना मरतो. पोटुशी बायको शेजारी, समोर आई, वर गॅलरीत वाजंत्री.

लोकांची पहिली प्रतिक्रिया रडण्याची नसते, हे मी इतक्या वर्षांत नीट पाहिलंय. आधी ते मान वळवून शेजारच्याकडं बघतात, आपल्याला दिसलं ते खरंच झालं का हे विचारल्यासारखं. एकदा आमच्या आचाऱ्यानं हातातला शेंगदाण्याचा कागद तसाच धरून ठेवला होता, भाग संपून दिवे लागले तरी. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “दादा, मी हजार पंगती उठवल्या. पंगतीत बसलेल्या माणसाला कुणी शिवी देत नाही हो.”

माझ्या मते सगळं त्या वाक्यात आलं. रक्त तर युद्धाच्या भागांतही भरपूर आहे. इथं पंगत मोडलीय, आणि तीही यजमानानं.

‘पाहुण्याचा हक्क’ म्हणजे काय? आपल्याकडं तसं काही आहे का?

त्या काल्पनिक जगात नियम असा आहे, की घरी आलेल्यानं यजमानाची भाकरी आणि मीठ खाल्लं, की त्या छपराखाली दोघांनी एकमेकांच्या जिवाला धक्का लावायचा नाही. देवांनी घालून दिलेला नियम, राजाच्या हुकमाहूनही मोठा. या लग्नाचा यजमान, म्हातारा वॉल्डर फ्रे भर दरबारात रॉबला आणि त्याच्या माणसांना भाकरी-मीठ देतो, संरक्षणाचा शब्द देतो. कादंबरीत तर रॉबची आई कॅटलिन त्याला आधीच बजावते, की पोचल्या पोचल्या खायला माग. तिला त्या म्हाताऱ्याचा भरवसा नसतो, पण मिठाचा असतो.

हे परदेशी प्रेक्षकांना समजावून सांगावं लागत असेल. आपल्याकडं एक अक्षर सांगावं लागत नाही. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय, हे आपल्याकडं शाळेत न गेलेल्यालाही कळतं. उन्हातान्हात कुणी दारात आलं तर आधी गूळ-पाणी, मग गाव कुठलं ते विचारायचं. हाडवैर असलं तरी मयतीला आणि लग्नाला जायचं. नवरा-नवरी उंबऱ्यावर आली की आधी भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. ताटावरून कुणाला उठवायचं नाही. भावकीत बांधावरून कोर्टात केस चालू असलेले दोघं भाऊ मी एकाच पंगतीत मांडीला मांडी लावून जेवताना पाहिलेत. बोलले नाहीत, पण एकानं दुसऱ्याकडं वरणाची बादली सरकवली.

फक्त एक फरक ध्यानात ठेवा. आपण मिठाला जागायला सांगतो ते खाणाऱ्याला. तिथं मीठ खाऊ घालणाऱ्यालाही तितकंच बांधून ठेवतं. त्या भागाचा घाव नेमका तिथं बसतो.

असं काही होणार हे आधी कळतं का? इशारे कुठले आहेत?

आहेत, आणि दुसऱ्यांदा बघताना एकेक दिसू लागतात. रॉबचाच सरदार रूस बोल्टन दारू पीत नाही, त्यानं डोकं मंदावतं म्हणतो. रॉबचा लांडगा ग्रे विंड बाहेर कोंडलेला असतो. नवरा-नवरीला नाचत-ओरडत खोलीकडं नेलं जातं आणि दालनातली गर्दी कमी होते. मग दार लागतं. वाजंत्री सूर बदलतात आणि रॉबचे शत्रू असलेल्या लॅनिस्टर घराण्याचं गाणं सुरू होतं, ज्यांनी बंड केलं त्यांचा नायनाट कसा झाला हे सांगणारं. स्टार्कच्या बाजूच्या लग्नात लॅनिस्टरचं गाणं कशाला? मग कॅटलिनला बोल्टनच्या बाहीखाली चिलखताच्या कड्या दिसतात.

आता माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. आत्या पासष्टीची, गाव गंगाखेडच्या बाजूचं. इंग्रजीचं एक अक्षर येत नाही. भाचा शेजारी बसून अधूनमधून सांगत होता, तेवढ्यावर ती बघत होती. आमची पोरं सबटायटल वाचण्यात गुंतलेली. दालनाचं दार लागलं आणि आत्या एकदम पुढं सरकून म्हणाली, “आगं माय, दार कामून लावलं?”

कुणी लक्ष दिलं नाही. ती पुन्हा म्हणाली, जरा जोरात, “आरं लग्नाचं दार कुणी लावतंय का?”

अजून गाण्याचा सूर बदलला नव्हता, चिलखत दिसलं नव्हतं. पदवीधर पोरांना काही कळायच्या आत तिला कळलं होतं. मी उभं आयुष्य मांडव घालण्यात घालवलं. कमान बांधतो, झालर लावतो, पडदे सोडतो, पण मांडवाला दार नसतं. वाटेनं जाणाऱ्यानंही आत येऊन दोन घास खाऊन जावं, म्हणून ते नसतं. हे मी रोज करतो, पण मला ते कधी शब्दांत सुचलं नव्हतं. त्या रात्री आत्यामुळं कळलं.

पण चूक रॉबचीच ना? सोयरीक त्यानंच मोडली.

यावर आमच्याकडं पहाटेपर्यंत वाद चालतात आणि चालावेतच, कारण लेखकानं दोन्ही बाजूंना वजन दिलंय.

हकिकत अशी: पहिल्या पर्वात रॉबला फौज घेऊन नदी ओलांडायची असते आणि पूल वॉल्डर फ्रेच्या ताब्यात. बदल्यात फ्रेच्या एका लेकीशी लग्न करीन, असा शब्द रॉबच्या वतीनं दिला जातो. पूल ओलांडला, लढाई जिंकली आणि दुसऱ्या पर्वाच्या शेवटी त्यानं टॅलिसाशी लग्न केलं. मग भरपाई म्हणून त्याचा मामा एडम्युअर फ्रेच्या लेकीचा नवरा होतो. रक्ताचं लग्न ते हेच.

ज्याच्या घरी लेक आहे आणि जिची ठरलेली सोयरीक मोडलीय, त्याला फ्रेचा राग पटतो. आमच्या कामावरचा एक जण फारसा बोलत नाही, पण त्या रात्री बोलला, “साखरपुडा झाल्यावर नकार आला की पोरीच्या बापाची मान कशी खाली जाते, हे त्या राजाला काय माहीत.” सगळे गप्प झाले. त्याच्या बहिणीचं तसं झालेलं.

मी फ्रेचा अपमान लहान मानत नाही. दिलेला शब्द मोडणं हा मोठा गुन्हा आहे, आणि राजानं मोडला तर अजून मोठा. पण त्यासाठी गावात रिवाज असतो: चार माणसं बसवा, खर्च भरून घ्या, व्यवहार तोडा, जन्मभर तोंड बघू नका. फ्रेनं पूल बंद करून रॉबची फौज अडवली असती, उघड शत्रूला मिळाला असता, तरी मी त्याला कपटी म्हटलं नसतं. त्यानं काय केलं? माफ केल्याचं सांगितलं, जेवायला बोलावलं आणि वाजंत्र्यांच्या हातात धनुष्यं दिली. शब्द मोडणारा आणि केसानं गळा कापणारा यांना एका तराजूत घालू नका, एवढंच माझं म्हणणं.

कादंबरीतही असंच आहे का?

मुख्य घटना तीच, पण बरेच तपशील वेगळे. कादंबरीत रॉब अवघा सोळा वर्षांचा आहे. मालिकेत रॉब झालेला रिचर्ड मॅडन मोठा दिसतो, त्यामुळं त्याची चूक आपण प्रौढाची समजून मोजतो. कादंबरीत त्याची बायको जेन वेस्टरलिंग, आणि ती या लग्नाला येतच नाही. पोटुशी टॅलिसा आणि तिच्या पोटावर होणारे वार हे मालिकेचं स्वतःचं. शेवटी कॅटलिन जिच्या गळ्याला सुरी लावते ती मालिकेत फ्रेची तरुण बायको, कादंबरीत तो फ्रेचा गतिमंद नातू. मालिकेत फ्रे म्हणतो, बायको काय, दुसरी मिळेल. हे ऐकून आमच्याकडच्या बायकांना जेवढा संताप येतो, तेवढा वार बघूनही येत नाही.

मार्टिन यांनी सांगितलंय, की हे प्रकरण लिहिणं त्यांना इतकं जड गेलं की बाकीची कादंबरी पूर्ण करून ते सगळ्यात शेवटी लिहिलं. मला हे वाचून बरं वाटलं. ज्यानं मारलं त्यालाही ते सहज जमलं नाही.

मिशेल फेअरलीनं कॅटलिन केलीय. तिची शेवटची किंकाळी आणि त्यानंतरचा रिकामा चेहरा, एवढ्यासाठी हा भाग पुन्हा बघण्यासारखा आहे.

असं खरोखर कुठं घडलंय का?

मार्टिन यांनी स्कॉटलंडच्या इतिहासातल्या दोन घटना सांगितल्यात. एक १४४० ची: एडिंबरोच्या किल्ल्यात डग्लस घराण्याच्या कोवळ्या वयाच्या सरदाराला आणि त्याच्या भावाला राजाच्या घरी जेवायला बोलावून नंतर मारलं गेलं. तिला ‘काळं जेवण’ म्हणतात. दुसरी १६९२ ची ग्लेन्कोची: सैनिक जवळपास दोन आठवडे मॅक्डोनाल्ड लोकांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले, त्यांचं खाल्लं-प्यायलं आणि फेब्रुवारीतल्या एका पहाटे त्यांच्यावरच हत्यार उपसलं. म्हणजे तिथं पाहुण्यांनी यजमानांना मारलं, मार्टिन यांनी उलटं केलं.

पण एवढं लांब कशाला जायचं? आपल्या देवगिरीच्या किल्ल्यावर १६२९ च्या जुलैमध्ये निजामशहाच्या दरबारात जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव मुलांसह आणि नातवासह मारले गेले. मुजऱ्याला गेलेले, हातात शस्त्र नाही. आपण शाळेच्या सहलीत त्या किल्ल्याचा अंधारा भुयारी मार्ग बघून टाळ्या वाजवतो आणि खाली येऊन उसाचा रस पितो. आमचा एक शिक्षक मित्र भाग संपल्यावर म्हणाला, “हे मी पोरांना दोन ओळींत शिकवतो. आता नाही जमणार दोन ओळींत.” गेल्या वर्षी तो वर्गाला घेऊन गेला तेव्हा किल्ल्यावर थांबून त्यानं ती हकिकत सांगितली.

म्हाताऱ्या माणसांना लाक्षागृह आठवतं. पाहुणचाराचं घरच जाळण्यासाठी बांधलेलं. तुलना अगदी बरोबर आहे. फक्त तिथं विदुराचा सांगावा आला होता. रॉबला सांगायला कुणी नव्हतं.

शेवटी नावं येतात तेव्हा आवाज का जातो?

तो जात नाही, ठेवलेलाच नाही. या भागाच्या श्रेयनामावलीला संगीत नाही. पहिल्या वर्षी मी स्वतः उठून स्पीकरची वायर हलवून बघितली होती. तुम्ही उठू नका.

लहान मुलांना दाखवावा का?

नाही. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला आधी स्पष्ट सांगा की काय आहे, मग तिला ठरवू द्या. एका वर्षी आम्ही हे सांगायला विसरलो. वहिनी मधूनच उठून बाहेर गेली आणि कितीतरी वेळ पायरीवर पोटावर हात ठेवून बसून राहिली. ती चूक माझी होती. तेव्हापासून भाग लावायच्या आधी मी उभा राहून सांगतो.

इंग्रजी येत नसेल तर कळेल का?

आत्याची गोष्ट पुन्हा वाचा.

बघणाऱ्यांच्या प्रतिक्रियांचे व्हिडिओ यूट्यूबवर आहेत. आम्हीही नव्या माणसाचा चोरून काढावा का?

२०१३ च्या जूनमध्ये कादंबरी वाचलेल्यांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांना तेरा वर्षांपासून माहीत होतं काय होणार आहे. त्यांनी न वाचलेल्या मित्रांवर, बायकोवर, बहिणीवर कॅमेरा रोखला. कुणी तोंडावर उशी दाबून धरतंय, कुणी उठून उभं राहतंय, कुणी नुसतंच “नाही, नाही” म्हणत राहतंय. ते व्हिडिओ जगभर पाहिले गेले. मार्टिन यांनाही एका अमेरिकन कार्यक्रमात ते दाखवले गेले होते.

मी ते पाहिलेत, आणि त्यातली माणसं मला जवळची वाटतात हे मान्य करतो. कुठला देश, कुठली भाषा, पण पंगत मोडल्यावर चेहरा सारखाच होतो. तरी माझं उत्तर स्पष्ट आहे: विचारल्याशिवाय काढू नका. आमच्यातल्या एकानं एका वर्षी कामावरच्या एका पोराचा चोरून काढला आणि ग्रुपवर टाकला. पोरगा हमसून रडत होता. त्याचे वडील त्याच वर्षी गेले होते आणि तो रॉबसाठी रडत होता की वडिलांसाठी, हे त्याचं त्यालाच माहीत. लोकांनी त्यावर हसण्याची चिन्हं टाकली. तो पुढं दोन वर्षं आला नाही. मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा कुठं परत आला. तुम्ही माणसाला बोलावून, शेजारी बसवून, त्याचा भरवसा घेऊन मग त्याचं रडणं चव्हाट्यावर मांडणार असाल, तर या भागातून तुम्ही घेतलं काय?

सांगून, विचारून काढा. खुशाल काढा.

यानंतर मालिका बघवत नाही. सोडून द्यावी का?

दोन-तीन दिवस थांबा. सोडू नका. त्या जूनमध्ये कितीतरी लोकांनी रागारागात सोडल्याचं जाहीर केलं होतं, आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये चौथं पर्व सुरू झालं तेव्हा अमेरिकेतले प्रेक्षक वाढून सुमारे ६६ लाख झाले होते. आमच्याकडंही तेच होतं. रात्री “आता नाही येणार” म्हणून गेलेले तिसऱ्या दिवशी गोदामाच्या बाहेर चपला काढताना दिसतात.

फ्रेला शिक्षा होते का?

होते. आधी तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या भागात रॉबचा धाकटा भाऊ ब्रॅन एक गोष्ट सांगतो, ती कान देऊन ऐका. एका आचाऱ्यानं राजाच्या पोराला मारून राजालाच वाढलं, म्हणून देवांनी त्याला मोठा पांढरा उंदीर केलं. पण शिक्षा खुनाची नव्हती, त्या वाढण्याचीही नव्हती. आपल्या छपराखालच्या पाहुण्याला मारलं, त्याची होती. मग सहाव्या पर्वाच्या शेवटी, २०१६ मध्ये, आर्या फ्रेच्या पुढ्यात काय वाढते ते बघा, आणि सातव्या पर्वाच्या सुरुवातीला त्याच दालनात पुन्हा पंगत बसते तेही. आर्या म्हणजे त्या रात्री दाराबाहेरपर्यंत पोचलेली आणि आई-भावाला भेटता न आलेली धाकटी लेक.

आमच्या गोदामात या जागी टाळ्या पडतात. मीही वाजवल्या होत्या. आत्यानं वाजवल्या नाहीत. ती म्हणाली, “पुन्हा जेवणातच?”

त्या एका रात्री गोदामातलं चित्र फिकट का दिसतं?

कारण शटर अर्धं उघडं असतं. आधी अंधार व्हावा म्हणून आम्ही ते पूर्ण खाली ओढायचो. आत्यानं भाग बघितला त्या रात्री दिवे लागल्यावर ती काहीच बोलली नाही, नुसतं शटरकडं बोट दाखवलं. पोरानं ते वर केलं तेव्हा ती उठली. दुसऱ्या वर्षी ती पुन्हा आली आणि बसण्याआधी म्हणाली, “ते वर करा, मग बसते.” आता त्या भागाला आम्ही ते कंबरेपर्यंत वर ठेवतो. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड कापडाच्या खालच्या कडेवर पडतो, सबटायटल जरा पुसट होतात. पुढं सरकून बसा, वाचता येतात.